पाशा काखेत

९ एप्रिल

पाशाने आज रुस्काची पोटरी फाडली. तीन टाके.

जानेवारीत अर्धांगाने बायकोची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती आज पहिल्यांदा अंगणाच्या पायऱ्या उतरत होती. कठडा धरून, एकटी. तीन महिने व्यायाम करून घेतला तेव्हा कुठे एवढं जमलं. आणि हा कोंबडा घोळक्यातून निघाला तो सरळ तिच्या पायावर! मी खोपटातून ओरडत धावलो, पण पोचेपर्यंत ती खाली पडलेली. पाशाला अशी लाथ घातली की तो कुंपणावर जाऊन आदळला. बरं वाटलं.

१० एप्रिल

रुस्का बाहेर यायला तयार नाही. दाराकडे बोट केलं की मान हलवते. बोलणं अजून परतलेलं नाही – ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’, बस. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज मोकळ्यावर चालल्या नाहीत तर पाय पुन्हा आखडेल.

प्लोवदिवहून आल्बेनाचा फोन. लेक माझी, बोलते हेडमास्तरणीसारखी. बाबा, त्याचं सूप करा आणि विषय संपवा.

११ एप्रिल

सुरीला धार लावली. पाशाला पोत्यात घालून ओंडक्यापाशी आणलं. मागे काठीचा आवाज. रुस्का उंबऱ्यात उभी. ‘नको.’ एकच शब्द, पण असा की सुरी खाली ठेवली.

मागच्या वर्षी थंडीने गारठलेलं हे पिल्लू तिनेच खोक्यात घालून चुलीशेजारी वाढवलं होतं. ते मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

मग आता करू काय? कापायचा नाही, आणि हा तिला अंगणात येऊ देणार नाही.

१२ एप्रिल

शेजारच्या गिन्काताईंना विचारलं. सत्तर वर्षं कोंबड्या पाळल्यात त्यांनी. म्हणाल्या, आधी सकाळी तू काय करतोस ते बघते. भिंतीवर कोपर टेकून उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखा गेलो – खुराड्याचं दार लाथेने उघडलं, बादली आपटली, खराट्याने सगळ्यांना बाहेर हाकललं. पाशा आला अंगावर. मी खराटा हाणला.

‘रोज सकाळी तूच लढाई सुरू करतोस,’ त्या म्हणाल्या, ‘आणि वर म्हणतोस हा भांडखोर! त्याच्या अंगात वसंत शिरलाय. तुझ्या अंगात काय शिरलंय, नेद्याल्को?’

मग नियम सांगितले. लाथ नाही, खराटा नाही. पळायचं नाही, मागे सरायचं नाही. तो पंख खाली सोडून तिरका तिरका येऊ लागला की समजायचं, आता उडी मारणार. तेव्हा स्वस्थ उभं राहायचं, नाहीतर सावकाश त्याच्याच दिशेने चालायचं. तरी उडी मारलीच तर उचलून काखेत धरायचं, अंग सैल सोडेपर्यंत.

‘आणि ओरडायचं नाही,’ जाताना म्हणाल्या.

१३ एप्रिल

लाथ बसलीच. मी मारली नाही, पाय आपोआप गेला. तेहतीस वर्षं बस चालवली, ब्रेक आणि शिवी एकदमच निघायची. ती सवय एका दिवसात कशी जाईल?

१४ एप्रिल

आज लाथ नाही. शिव्या दोन.

१७ एप्रिल

धरला! रबरी बूट, जाड हातमोजे. उडी मारली तसा हवेतच झेलला आणि काखेत घेऊन अंगणभर फिरलो. चारेक किलोचा असेल. आधी नुसता धडपडला. बरगड्यांवर त्याच्या काळजाचे ठोके जाणवत होते – इतके जलद, की मोजता येईनात. इतके दिवस वाटायचं हा माजलाय. तो भ्यालेला होता.

पंधरा मिनिटांनी मान सैल पडली. खाली ठेवला तर पिसं झटकून दाणे टिपायला लागला, जणू काही झालंच नाही.

रुस्का खिडकीतून बघत होती.

२२ एप्रिल

रोज काखेतली फेरी चालू आहे. रस्त्याने जाणारे विचारतात, बाप्तिस्म्याला नेतोस का?

गिन्काताई म्हणतात, एवढा दांडगा गडी आणि कोंबड्या चारच, मग दिवसभर त्याने करायचं काय? त्यांनी स्वतःच्या पाच आणून दिल्या. खोकी आणि फांद्या टाकून आडोसे केले, म्हणजे कोंबड्यांना त्याच्यापासून लपता येईल. पायऱ्यांपाशी गुडघाभर उंचीची, बाजूला सारता येईल अशी जाळी लावली.

त्याच्या पायांच्या नख्यांची टोकं घासायची होती. कानस शोधत होतो तर रुस्काने आपल्या खणातून नखं घासायची पट्टी काढून दिली. पाशाच्या डोक्यावर टॉवेल टाकून मी घासत बसलो, ती शेजारी. कोंबड्याची नखं सजवणारा म्हातारा बघून खुदकन हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

पण बाहेर येत नाही.

४ मे

हे लिहावं की नाही, तासभर ठरेना.

दुपारी खिडकीशी बसून रुस्काला दही भरवत होतो. बाहेर पाशा माती उकरत होता. मी म्हणालो, बघ, किती सुधारला, यानेच पाडलं होतं तुला, खरं वाटतं का? तिने चमचा बाजूला सारला. डावा हात माझ्या छातीवर ठेवला.

‘पाशा नाही.’

पुढचे शब्द शोधत राहिली. एरवी मीच तिचं वाक्य पुरं करतो. आज थांबलो. तीन आठवडे पाशासमोर थांबायला शिकलोय, तेवढंच.

‘तू. ओरडलास. हात सुटला.’

पोटरी पाशाने फाडली, हे खरं. पण ती कठडा धरून उभी होती. उभीच राहिली असती. माझ्या आवाजाला दचकली आणि पडली. पंचवीस दिवस ती पाशाला भिऊन घरात बसलीय असं मी समजत होतो. ती मला भिऊन बसली होती. अंगणात मी पुन्हा ओरडेन म्हणून.

एकेचाळीस वर्षांचा संसार. त्यात किती वेळा दचकली असेल?

५ मे

माफी मागितली. नीट जमली नाही. तिने डाव्या हाताने खांद्यावर चापट मारली, चांगली सणसणीत. बहुतेक पुष्कळ वर्षांची होती.

६ मे

सेंट जॉर्जचा सण. आल्बेना भाजलेलं कोकरू घेऊन आली. जेवताना दोनदा विचारलं, बाबा, तुम्हाला बरं नाही का? आवाज इतका हळू का?

मी म्हणालो, सराव करतोय.

११ मे

रुस्काने स्वतः दार ढकललं. एक पायरी. दोन. तिसरी. काठीने जाळी बाजूला सारून अंगणात. मी द्राक्षाच्या मांडवाखाली, दहा पावलांवर. पाशाने पंख सोडला, तिरका सरकत तिच्याकडे निघाला. माझ्या घशात आरोळी येऊन अडकली. ओठ चावून धरले.

ती हलली नाही. काठी रोवून त्याच्याकडे बघत राहिली. तो अर्धा फेरा मारून थांबला, जमिनीवर उगीचच चोच मारली.

‘जा,’ रुस्का म्हणाली.

गेला!

मग ती माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला. मी जाऊन तो धरला, दोघं मांडवापर्यंत चाललो. तिची छोटी छोटी बावीस पावलं.

२० मे

पाशा आज माझ्या अंगावर आला. चूक माझी – घाईत एका कोंबडीला पंखाला धरून उचललं, ती किंचाळली. उभा राहिलो. दमून गेला बिचारा.

रुस्का आता सकाळ-संध्याकाळ अंगणात. दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात, बहुतेक हुकूमच. मी मधे बोलत नाही.

५ जून

दुकानातून आलो तर फाटक सताड उघडं. रुस्का अंगणात नाही, घरात नाही. हाक घशापर्यंत आली. मारली नाही. चालत निघालो. वळणावरच्या चेरीच्या झाडाखाली ती बसली होती, एकटी, तोंड लाल, मांडीवर चेरींचा ढीग. एवढं अंतर ती एकटी आली होती.

‘आलास? बस,’ म्हणाली.

बसलो.