ग्रँडमास्टर, मशीन आणि दुसरं बिस्किट

३ मार्च १९९४, आमर्सफोर्ट, हॉलंड
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, म्हणजे वाचक योग्य आहे. आमच्या बुद्धिबळ क्लबात माणूस विरुद्ध कॉम्प्युटर सामना होणार. कल्पना माझी, आयोजन माझं. ग्रँडमास्टर डिर्क्सेन यांचा होकार आला. मशीनतर्फे डेल्फ्टचा कोणी येल्मर बसणार. स्क्रीनवर दिसेल ती चाल पटावर खेळायची, एवढंच त्याचं काम. माकडालाही जमेल.

१० मार्च
येल्मर नियम ठरवायला घरी आला. बायकोने, विट्स्केने, कॉफी केली. आमच्याकडे कॉफीबरोबर बिस्किट एक, मग डब्याला झाकण. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा एकच. येल्मरला दोन मिळाली! मी मोजत नव्हतो. दिसलं.

११ मार्च
बायकोला सहज विचारलं. म्हणाली, कसली बिस्किटं? अगदी निरागसपणे. हे जास्त वाईट.
निश्चय: मत्सर करायचा नाही. येल्मरचे केस दाट आहेत, पण केसांनी बुद्धिबळ खेळता येत नाही.

१९ मार्च
परत आला. परत दोन. विट्स्के आजवर बुद्धिबळाला ‘लाकडं सरकवणं’ म्हणायची. आज येल्मरला विचारते, हरल्यावर मशीनला वाईट वाटतं का हो? मला काय वाटतं हे तिने लग्नापासून एकदाही विचारलेलं नाही. मी फारसा हरत नाही म्हणून असेल.
जळफळाट झाला. आता भिस्त डिर्क्सेनवर. मशीन हरलं की येल्मर सामानासकट डेल्फ्टला, आणि विट्स्के ताळ्यावर.

२५ मार्च
डिर्क्सेनना फोन करून सल्ला दिला: प्यादी अडकवा, पट बंद ठेवा. म्हणाले, तुम्ही माझ्या हॉटेलचं तेवढं बघा. मोठी माणसं उपकार उघड मानत नाहीत.

९ एप्रिल, दुपार. सामना सुरू.
डिर्क्सेन वरचढ. माझाच सल्ला! विट्स्के पहिल्या रांगेत, डबा मांडीवर. येल्मरला दोन दिली. सगळ्या हॉलने पाहिलं. आता हद्द झाली. कॉफी यापुढे आयोजकच देणार. मागच्या खोलीतलं कॉफीचं मोठं विजेचं भांडं आणून भिंतीजवळ, मशीनच्या शेजारच्या प्लगला लावलं.

संध्याकाळ
फ्यूज उडाला. स्क्रीन गेली. आयोजकांची चूक असेल तर घड्याळं थांबवायची, हा नियम मीच लिहिला होता. फ्यूज सापडेपर्यंत थांबली. मशीनचं काय जातंय? ते पुन्हा सुरू केलं की ताजंतवानं. डिर्क्सेन मात्र इतके भडकले की परत बसल्यावर तिसऱ्याच चालीत हत्ती फुकट घालवला. हरले. ओरडले, कुठल्या गाढवाने ते भांडं लावलं? मी म्हणालो, चौकशी करतो.

१० एप्रिल
शेवटी विट्स्केला सरळ विचारलं, त्यालाच दोन का? हसून हसून खालीच बसली. म्हणाली, अरे वेड्या, एक येल्मरचं, एक मशीनचं. ते बिचारं खात नाही म्हणून हा त्याच्या वाटचं खातो. पाहुण्याला काय उपाशी ठेवायचं?
म्हणजे त्या माणसाचा मत्सर करायचं कारणच नव्हतं. केवढं हलकं वाटलं.
नंतर कळलं, मग मी इतके दिवस मशीनच्या पेटीवर जळत होतो. आणि अजून जळतोय.

१४ एप्रिल
क्लबची बैठक. पुढच्या वर्षीचा सामना विट्स्के भरवणार. एकमताने. माझाही हात वर गेला, सगळ्यांचेच गेले होते. माझ्याकडे कॉफी दिली आहे, वेगळ्या प्लगवर. जबाबदारीचं काम आहे.
घरी आल्यावर कॉफी झाली. मी एक बिस्किट घेतलं. विट्स्केने आज झाकण लावलं नाही. डबा उघडाच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, एव्हर्ट, तुला हरल्यावर वाईट वाटतं का रे?
मी म्हणालो, छे! मुळीच नाही.
तिने झाकण लावलं.