भिंतीवरचा बाजार

आये, काल मी फोटो बघायला गेले होते. तू त्या फोटो काढायच्या पेटाऱ्याला किती भ्यायचीस, म्हणून आधीच सांगते. महाडच्या बाजारात एकदा कुणी तो मांडला होता आणि मी वाकून बघत होते, तर तू माझा कान पिळलास. "तकडं बघू नको गो. त्यात मानूस गेला का परत येत नाय." पदर तोंडावर ओढून तू मला फरफटत नेलंस. तुझा एकही फोटो नाही तो त्यामुळेच.

काल रॉकेल आणायला निघाले, तर शाळेचं दार उघडं. मुंबईच्या कुणा माणसाने यंदाच्या बाजाराचे फोटो भिंतीवर लावलेत, बघायला पैसे नाहीत, असं कळलं. फुकट म्हटल्यावर मी कशाला मागे राहते? लेकीला घेऊन शिरले. एकालाही नीट उभं केलेलं नाही गो. न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेला माणूस, बांगड्या भरताना दात आवळलेली पोर. असल्या गोष्टींचे फोटो कशाला काढायचे, म्हणत म्हणत मी सगळी भिंत दोनदा बघितली. बिरवाडीचा एक म्हातारा गाडीच्या फोटोपुढे अडून बसला होता. "बैल माझाच हाय. पन गाडीवर ह्यो कोन बसलाय?" तोच होता, पाठमोरा. सगळे हसले, मीही हसले. स्वतःची पाठ कुणी बघितलेली असते?

तुझी पाठ मात्र मला पाठ आहे. मोळी घेऊन तू पुढे, मी मागे, डोंगर उतरून थेट बाजारापर्यंत. तुझ्या टाचेच्या भेगा मी आजही काढून दाखवीन. तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

शेवटच्या फोटोत एक मोळीवाली होती, समोर बघणारी, रुंद कपाळाची. लेकीने विचारलं, "आजी कशी दिसायची?" मी म्हटलं, "अशीच." पोर खूश झाली, घरी येऊन तिने बापालाही सांगितलं.

आज सकाळी मी एकटीच परत गेले आणि त्या बाईसमोर बराच वेळ उभी राहिले. ती कुठली, कोण, मला ठाऊक नाही. हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही, घरच्या कपड्यांच्या पेटीतच ठेवीन. आये, तुझा चेहरा मला आठवत नाही. बरीच वर्षं झाली. आता हे लिहिताना डोळ्यांपुढे ती बाई आहे, आणि मी तिलाच आये म्हणते आहे.