निव्वळ ओकची राख

उत्सुनोमिया,
१८ ऑक्टोबर १९७०

ती. ताईस,
तेइजीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत एक वाडगा पाठवतो आहे. भाताच्या भुशात नीट बसवला आहे, तेव्हा पार्सल उघडायला नेहमीसारखी कोयता घेऊन बसू नकोस. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर काय करतो, असं तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा उत्तर यायच्या आत मुळ्यांच्या भावावर गेलीस. आता उत्तर हातात घेऊन बघ. परसातल्या शेडमध्ये चाक बसवलं आहे, विजेची लहान भट्टीही घेतली. फुसाए म्हणते की तीस वर्षं पाण्यातलं क्लोरीन मोजणारा नवरा बरा होता, निदान त्याची नखं स्वच्छ असत.

इथे हौशी कुंभारांचं मंडळ आहे. मला सोडून अकरा जण. निवृत्त बँकवाले, एक दातांचे डॉक्टर, असे सगळे. झिलईची तयार पुडी दुकानातून आणायची, पाण्यात कालवायची, आणि भांडं चकाकलं की आपणच काहीतरी घडवलं म्हणून माना डोलवायच्या. पाकिटातलं सूप ढवळणाऱ्याने स्वतःला आचारी म्हणवून घ्यावं तसा प्रकार. मी त्यांच्यात बसतो, पण त्यांच्यातला नाही. मला झिलई स्वतः करायची आहे. लाकडाची राख आणि दगडाची पूड, एवढ्यातून.

तुझ्याकडे आईची खारवलेल्या आलुबुखारांची बरणी आहे. तिच्या खांद्यावरून ओघळलेला जो हिरवा आहे, तो मला हवा आहे. आई म्हणायची की तो आपल्या डोंगरातल्या ओकच्या राखेचा रंग. तेव्हा तुझ्या आगटीतली ओकची राख डबाभर पाठव. निव्वळ ओकची. मार्चमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे आणि त्या अकरा जणांना मला एकदा गप्प करायचं आहे.

लोभ आहेच, सोबत राखही यावी.
तुझा,
तेइजी


कामिसावा,
३ नोव्हेंबर १९७०

चि. तेइजीस,
मात्सुएचे अ. आ.

वाडगा पोचला. वाटेत फुटला नाही याचं वाईट वाटलं. एका अंगाला कललाय, आणि रंग आजारी माणसाच्या जिभेसारखा आहे. मांजरीला त्यात मासा घालून दिला. तिने मासा बाहेर ओढला आणि जमिनीवर ठेवून खाल्ला. ही मांजर गटारातलं खाते, म्हणून मुद्दाम कळवते.

तुला शिकवायला वडिलांनी शेताचा वरचा तुकडा विकला. तू शिकलास आणि पाण्यात औषध टाकत बसलास. आता पंचावन्नाव्या वर्षी चिखलात हात घातलास. चिखलच कालवायचा होता तर तो वरचा तुकडा काय वाईट होता?

राख पाठवते. आमच्याकडे लाकडाला तोटा नाही. डोंगरकामाच्या दिवशी माझा लेक कात्सुमी कावासाकीहून आला होता. आमच्या घरचा माणूस म्हणून दिवसभर गावाबरोबर रान साफ केलं आणि आपल्या वाट्याचं ओक भिंतीशी छपरापर्यंत रचून गेला. ज्या घरचा माणूस त्या दिवशी डोंगरावर येत नाही, त्याला वर्षभर गावच्या रानातली काडी मिळत नाही, हे तू विसरला असशील. तुला विसरायला चांगलं जमतं.

आणि तुझ्या पत्रात नसलं तरी मनात असेल म्हणून सांगते. नवऱ्याच्या श्राद्धाला सगळ्या नातेवाइकांसमोर मी बोलले ते आजही तसंच आहे. ज्या दिवशी मला कुणाकडे सरपण मागावं लागेल, त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने दाराला फळ्या ठोकीन आणि कात्सुमीच्या त्या दोन खोल्यांत जाऊन मरणाची वाट बघीन. तोवर मला कुणी इकडे येऊन राहा म्हणायचं नाही. तूही नाही.

लोभ आहे, उगाच वाढवू नकोस.
मात्सुए


उत्सुनोमिया,
२४ नोव्हेंबर १९७०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांजरीचा अभिप्राय मिळाला. दातांच्या डॉक्टरांपेक्षा तिला जास्त कळतं यात शंका नाही.

राख चार पाण्यांनी धुतली, वाळवली, वस्त्रगाळ केली, फेल्डस्पार दगडाच्या पुडीत निरनिराळ्या प्रमाणांत मिसळली आणि नमुन्याच्या दहा चकत्यांवर लावली. भट्टी उघडली तर दहाच्या दहा पांढऱ्या आणि खरखरीत, वर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारख्या. राख वितळलीच नाही. ओकच्या राखेत चुना भरपूर असतो, ती काचेसारखी वाहते. वितळायला तयार नसते ती बांबूची नाहीतर पेंढ्याची राख. म्हणजे निव्वळ ओक म्हणून तू मला घरातली झाडलोट पाठवलीस. साठ वर्षं आगटीपाशी बसून माणसाला ओक आणि बांबू वेगळे कळू नयेत? आमच्या खात्यात कुणी असा नमुना आणला असता तर मी त्याला बाटल्या धुवायला बसवलं असतं.

पुन्हा पाठव. या वेळी डोळे उघडे ठेवून भर.

लोभ राहू दे, केरकचरा नको.
तेइजी


कामिसावा,
१० डिसेंबर १९७०

चि. तेइजीस,
अ. आ.

बाटल्या धुवायला बसवलं असतंस हे खरं आहे, तुला दुसरं येतं काय? आमची सासू डोळे गेल्यावर नुसत्या धुराच्या वासावरून लाकूड सांगायची. तू दहा चकत्या भाजून तेच सांगतोस आणि त्याला शास्त्र म्हणतोस. रेशमाचे किडे आता इथे कुणी पाळत नाही. माडी रिकामी पडली आहे, तिथला केर काढताना काही आगटीत पडलं असेल. त्याचा एवढा बोभाटा करायचं कारण नाही.

बर्फ कमरेला लागलाय. बस बंद झाली. टपालवाला आठवड्यातून एकदा बर्फाचे जोडे घालून चढून येतो. त्याच्या पाठीवर तुझा डबा लादताना मला लाज वाटली. आत काय आहे म्हणून त्याने विचारलं. राख म्हटल्यावर बिचाऱ्याने टोपी काढली आणि कुणाची, असं हळूच विचारलं. मी सांगितलं की माझ्या भावाच्या अकलेची.

लोभ आहे तिथे आहे.
मात्सुए


उत्सुनोमिया,
२७ डिसेंबर १९७०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टपालवाल्याची गोष्ट फुसाएने शेजारच्या चार घरांत सांगितली. मला आता त्या रस्त्याने जायची सोय उरली नाही.

दुसरी राख धुतली. जुन्या सवयीने धुवणाचा थेंब जिभेला लावला, तर खारट! समुद्राचं पाणी परवडलं. झिलई फोडांनी भरून गेली. ताई, तू आगटीत काय सूप ओततेस का लोणच्याचं पाणी? फुसाएने तुझी बाजू घेतली. म्हणाली की ताई थेंब सांडणाऱ्यातल्या नाहीत. पण माझी जीभ तीस वर्षांची नोकरी केलेली आहे, ती खोटं सांगत नाही. अगं, एक ओकचा ओंडका घ्यायचा, तो वेगळा जाळायचा आणि त्याची राख डब्यात भरायची. एवढं लहान मुलालाही जमेल.

चकल्यांसारख्या वाळलेल्या भाताच्या पापड्या पाठवतो आहे. दात असतील तर खा.

लोभाने नाही तर निदान लक्ष देऊन राख पाठव.
तेइजी


कामिसावा,
९ जानेवारी १९७१

चि. तेइजीस,
अ. आ.

शाई गोठली म्हणून पेन्सिलीने लिहिते. घरात थंडी आहे असा अर्थ काढू नकोस, बाटली ओसरीत राहिली होती.

हो, सूप सांडलं. म्हातारी झाले, हात हलतो. झालं समाधान? तीस वर्षं नोकरी केलेल्या जिभेला सांग की तिचंच खरं.

ही राख थोडी आहे. दोनदा चाळली आहे, यात तुला नाव ठेवायला काही सापडणार नाही. डबा शेवटचा. यापुढे मागू नकोस, मला दुसरी कामं आहेत. पापड्या बऱ्या होत्या.

मात्सुए


उत्सुनोमिया,
२१ जानेवारी १९७१

चि. कात्सुमीस,
अ. आ. सवयीने लिहिले, मनातून देत नाही.

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. यंदा रानडुकराचं वर्ष, म्हणून छापलेल्या त्याच्या चित्राखाली तू हाताने दोन ओळी लिहिल्यास: कारखान्यात जादा पाळी होती म्हणून डोंगरकामाला गावी जाता आलं नाही, यंदा बघू. तुझ्या आईने मला लिहिलं होतं की तू गेलास आणि ओक छपरापर्यंत रचून आलास. दोघांत खरं कोण बोलतंय हे मला कार्ड वाचून नाही, राख धुऊन कळलं.

तिने पाठवलेली पहिली राख वितळली नाही, कारण ती बांबू आणि पेंढ्याची होती. माडीवरच्या किड्यांच्या टोपल्या आणि चटया. दुसरी खारट होती, कारण ती मिसोचा खारट लगदा आणि लोणची मुरवायच्या लाकडी पिंपांची होती. चाळीस वर्षं मीठ प्यायलेल्या फळ्या. तिसरी भट्टीतून हिरवी निघाली. असा हिरवा की मंडळातले अकराही जण चकती हातात घेऊन गप्प झाले आणि दातांच्या डॉक्टरांनी कृती विचारली. ओकच्या राखेतून फिका हिरवा येतो, असा झगझगीत येत नाही. तांब्यातून येतो. उरलेली राख मी पुन्हा चाळली, तेव्हा तिच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून निसटलेला तांब्याचा एक खिळा जाळीवर राहिला. पाकळ्यांच्या डोक्याचा, जळून काळा पडलेला.

आमच्या आईच्या लग्नातल्या कपड्यांच्या पेटीला असे बत्तीस खिळे होते. मला गोवर आला होता तेव्हा तुझी आई माझं बोट धरून एकेका खिळ्यावर ठेवायची. मी मोजायला तिथे शिकलो. ती पेटी तिने जाळली आहे. दोन महिने मी तिला केरकचरा पाठवतेस म्हणून हिणवत होतो आणि ती घरातलं एकेक सामान पेटवून शेकत होती. वर त्याची राख चाळून मला देत होती. तू तिचा मुलगा, मी तिचा शिकलेला भाऊ. दोघांत जास्त नालायक कोण, हे सवडीने ठरवू.

गावी जा. छपरावरचा बर्फ काढायला आलो म्हण. सरपणाबद्दल एक अक्षर काढलंस तर ती दाराला फळ्या ठोकील, आणि तुझ्या दोन खोल्यांत ती पुढचा हिवाळा बघणार नाही. लाकडाचं मी बघतो.

तुझा मामा,
तेइजी


उत्सुनोमिया,
२१ जानेवारी १९७१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा शेवटचा असं तू म्हणालीस, पण प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं आहे आणि मला ऐनवेळी दुसरा डोंगर मिळणार नाही. दोष लाकडाचा आहे. ते कुठून आलं हे ठाऊक नसलं की प्रमाण बसत नाही. म्हणून यापुढे लाकूडही माझंच. तुमच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कोळसेवाल्या जिन्साकुला तार केली आहे, तो बर्फगाडीवरून ओक आणून टाकील. हे लाकूड तुझं नाही, हे आधी नीट समजून घे. ते प्रदर्शनाचं सामान आहे. तू फक्त जाळायचं आणि राख पाठवायची.

काही नियम आहेत. ते शास्त्राचे आहेत, माझे नाहीत. आगटी दिवसरात्र पेटती राहिली पाहिजे, विझली की राख बिघडते. जाळ मोठा हवा. कुणीतरी सतत शेजारी बसून लक्ष ठेवायला हवं, म्हणून अंथरूण आगटीजवळ घे. वर किटली टांगायला हरकत नाही, वाफेने राखेचा कस वाढतो. तुला हे जमेल असं मला वाटत नाही, पण दुसरं कुणी मिळत नाही.

लोभ असो नसो, आगटी विझू देऊ नये ही विनंती.
तेइजी


कामिसावा,
२२ मार्च १९७१

चि. तेइजीस,
अ. आ.

सहा डबे राख पाठवते आहे. निव्वळ ओकची. बस परवा सुरू झाली, तुझं प्रदर्शन हुकलं असेल तर पुढच्या वर्षी लाव. जिन्साकुने टाकलेलं लाकूड निम्मं ओलं होतं, तुला लाकूडसुद्धा घेता येत नाही. वाफेने राखेचा कस वाढतो हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं? त्या शाळेपायी वडिलांनी वरचा तुकडा विकला याचं मला पुन्हा एकदा वाईट वाटलं. आगटी मात्र एकदाही विझू दिली नाही. नियम म्हणजे नियम.

फेब्रुवारीत कात्सुमी आला होता. खरंच आला होता. छपरावरून दोनदा पडला, खाली बर्फ होता म्हणून वाचला. आठ दिवस राहिला आणि आठही दिवस माझ्या तोंडाकडे बघून बोलला नाही. तू त्याला काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. तिसऱ्या राखेतून काय निघालं ते तूही मला लिहिलं नाहीस. दहा पांढऱ्या चकत्यांवर पानभर बडबडणारा माणूस तिसऱ्या डब्यावर गप्प बसला, तेव्हाच मी समजले. त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की जिन्साकुचं लाकूड त्याच्या दारात नेऊन टाकावंसं वाटलं. गाडीभर ओक ओढत चढायची ताकद नव्हती. मग किटली टांगली.

वाडगा आता मी वापरते. मांजरीला जमलं नाही ते मला जमतं. कललेलाच आहे, पण त्यातला भात लवकर गार होत नाही.

डोंगरकाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असतं. कात्सुमीच्या पाळीचा भरवसा नाही, म्हणून मी मुखियाकडे जाऊन आमच्या घरचा माणूस म्हणून तुझं नाव घातलं. नाव घालणं म्हणजे मागणं नव्हे. तू कोयता धरलास की आमच्या वाट्याचं लाकूड आपोआप येईल, त्यात तुझे उपकार नाहीत. मुखियाने विचारलं की तुमचा भाऊ काय काम करतो. मी सांगितलं की तो राख धुतो. तो हसला. मी हसले नाही.

आदल्या दिवशीच ये, आणि जाड हातमोजे आण.
लोभ होता तेवढाच आहे.
मात्सुए

ता. क. सहाव्या डब्यात वर एक पुडी आहे. तिच्यात एकतीस आहेत, बत्तिसावा तुझ्याकडे असेल. मोजून घे. मोजायला मीच शिकवलं आहे.