चेअरमन भैरवनाथ यांचा अंगठा

मु. खैरवाडी, पेटा वेल्हे
ता. २१ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप आनंददादा यांस सगुणाचा दंडवत.

म्हैस पिळून झाली होती, गोवऱ्या थापून कुडाला लावल्या होत्या (सकाळचं ऊन त्या कुडावर आधी येतं), चुलीवर अंबील रटरटत होती आणि मी कांडलेला तांदूळ सुपात घेऊन पाखडत होते. एवढ्यात एक साहेब सायकल हातात धरून दारात उभा राहिला. हातात धरून, कारण आमच्या चढावर सायकलीवर माणूस बसत नाही, माणसावर सायकल बसते. त्यानं घाम पुसला आणि विचारलं, "भैरवनाथ कुठं राहतात?" मी म्हटलं, "वर. पंचवीस पायऱ्या आहेत. चपला खाली काढा." तो मान हलवून गेला. मी आणखी चार सुपं पाखडली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस दर्शनाला आलेला नाही. दर्शनाला येणारा नारळ आणतो. याच्या बगलेत फायली होत्या.

अगोबाई, क्षेमकुशल राहूनच गेलं. आपला दमा कसा आहे? रतनवहिनींची कंबर? छापखान्याचे मालक अजून पगाराच्या दिवशीच आजारी पडतात का? इकडे म्हैस ठीक, भात ठीक, माझे दोन दात गेले तेही ठीकच, दुखायचे थांबले. आता पुढचं नीट वाचा, आणि वाचताना लक्षात असू द्या की या प्रकरणात निम्मा हात आपला आहे.

आपल्याला हे तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे, पण वहिनींना वाचून दाखवाल म्हणून पहिल्यापासून सांगते. आमची हातसडी तांदळाची सहकारी सोसायटी चार वर्षांपूर्वी निघाली. अकरा बायका गावचा आंबेमोहर उखळात कांडतात आणि सोसायटी तो पुण्याला पाठवते. पहिले चेअरमन आमचे हे. सहकार खात्यानं चेअरमनसाठी एक खुर्ची मंजूर केली, ती यांनी भोरहून एस.टी.च्या टपावर आणि फाट्यापासून पुढं डोक्यावर आणली. चार पाय आभाळाकडे केलेली खुर्ची डोक्यावर घेऊन येणारा माणूस गावच्या म्हशींनी आधी पाहिलेला नव्हता. तीन दावी तोडून पळाल्या. त्या खुर्चीवर ते अकरा महिने बसले आणि मग तापानं गेले. त्याला तीन वर्षं झाली. त्याबद्दल लिहीत नाही, आपण तेव्हा इथंच होता.

मग नवा चेअरमन कोण? वरच्या आळीचे म्हणाले, आमचे रखमाजी. खालच्या आळीचे म्हणाले, आमचे चिमाजी. या दोघांचं वैर जत्रेतल्या पालखीच्या पुढच्या दांड्यावरून आहे. तो कुणी धरायचा यावर त्यांचे आजे भांडले, बाप भांडले, आणि पालखी मधल्यामध्ये थांबून थांबून देवाचं जागरण दरवर्षी दोन तास लांबतं. रखमाजी म्हणाला, "चिमाजी खुर्चीत बसला तर म्या माझ्या बायकांची मुसळं इहिरीत टाकीन." चिमाजी म्हणाला, "तुझी इहीर हाय कुठं? ती तर आमच्या बांधावर." सभा तीनदा मोडली. शेवटी गेनबा गुरव कंटाळून म्हणाला, "मंग देवालाच करा चेअरमन. त्यो तरी कुणाच्या आळीचा न्हाई." तो थट्टेनं म्हणाला होता. पण आमच्याकडे देवाचं नाव घेतलेली थट्टा मागं घेता येत नाही. लगेच कौल लावला. (वहिनींसाठी: देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.) उजवी पडली. भैरवनाथ बिनविरोध निवडून आले. रखमाजीनं लगेच सुचवलं की देवाच्या बायकोला, जोगूबाईला, व्हाइस चेअरमन करा, तर पोटनियमात निघालं की एका घरातले दोघे चालत नाहीत.

सेक्रेटरी मी. कारण गावात कांडता आणि वाचता दोन्ही मलाच येतं. (माझं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालेलं. त्यामुळे माझ्या ज्ञानाला हिंगाचा वास येतो आणि बहुतेक गोष्टींचा शेवट मला ठाऊक नसतो.) शिक्का हवा म्हणून मी आपल्याला कळवलं, आणि आपण आपल्या छापखान्यातून "श्री. भैरवनाथ, चेअरमन" असा सुरेख रबरी शिक्का पाठवलात. आडनाव का नाही, एवढं एक आपण विचारलंत. मी लिहिलं, यांच्यात लावत नाहीत. झालं.

आता खरं सांगू का दादा, असा चेअरमन मिळायला भाग्य लागतं. भत्ता घेत नाही. पुतण्याला चिकटवत नाही. दुसऱ्याच्या कामात तोंड घालत नाही. आम्ही सभा देवळाच्या मंडपातच घेतो, त्यामुळे सर्व सभांना हजर. माप त्याच्या समोर होतं, म्हणून पायलीत अंगठा बुडवायची कुणाची छाती नाही. पंचवार्षिक योजना करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नसावं, नाहीतर निम्म्या सोसायट्या सुधारल्या असत्या. सहीच्या जागी गेनबा शेंदरात अंगठा बुडवून उठवायचा. (देवाचा अंगठा म्हणून शेंदूर. शाईनं उठवला तर खोटं ठरेल, असं त्याचं म्हणणं.)

खात्याचं आणि आमचं टपाल तीन वर्षं चालू होतं. मी एका अक्षराचं खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी चेअरमनचं वय विचारलं. मी लिहिलं, नक्की ठाऊक नाही, पण गावात सर्वांत वडील तेच. धंदा विचारला. लिहिलं, गावाची राखण. जमीन विचारली. लिहिलं, डोंगराखाली अडीच एकर इनाम. मग पत्र आलं की चेअरमन अंगठा उठवतात, सबब निरक्षर आहेत, त्यांनी संध्याकाळच्या प्रौढ वर्गास नियमित बसावे. तो वर्ग देवळातच भरतो. मी कळवलं, ते रोज असतात, पण अजून काही लिहून दाखवलेलं नाही. पुढं त्यांची हजेरी आणि बिनभत्त्याचं काम पाहून खात्यानं त्यांना पुण्याच्या चेअरमन शिबिराला बोलावलं. येताना अंथरूण-पांघरूण व ताटवाटी आणावी, असं त्यात होतं. त्याला मी उत्तर दिलं की ते गाव सोडून जात नाहीत, वर्षातून एकदा नदीपर्यंत, तेही पालखीतून. यावर खात्यानं काय समजायचं ते समजून "चेअरमन अहंमन्य दिसतात" असा शेरा मारला. आणि आला तो साहेब.

मी सूप टाकून धावत वर गेले. साहेब मंडपात बसला होता. गेनबा देवाला आंघोळ घालत होता. साहेब म्हणाला, "भैरवनाथांना म्हणावं, पूजा झाली की या, मी थांबतो." गेनबा म्हणाला, "पूजा त्येंचीच चाललीया." साहेबानं आत डोकावलं. मग खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर एक झेंडूचं फूल होतं. साहेब कुठंही बसला असता, पण बसला तो थेट फरशीवर. मी तांब्या पुढं केला. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "बाई, तुम्ही सरकारला फसवलंत." मी म्हटलं, "साहेब, शेअरची पावती आहे त्यांच्या नावाची. कागदावर सगळं खरं आहे." त्यानं फाइल उघडून माझी पत्रं एकेक करून वाचली. 'गावाची राखण' इथं त्याची मिशी हलली. हसला की रडला, सांगता येत नाही. तरुण होता, चढ चढून आलेला होता.

मग त्यानं जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याला रोग्यांसाठी दरमहा तीस मण हातसडी तांदूळ हवा आहे, आणि आमची सोसायटी त्यांनी निवडली आहे. दादा, आपल्याला इथली स्थिती ठाऊक नाही. शिवऱ्याच्या अलीकडे हमरस्त्यावर भाताची गिरणी झाली. ती दिवसात काढते ते आम्ही अकराजणी महिनाभर कांडत नाही. आणि तिचा तांदूळ कसा पांढराफेक. लोकांना पांढरं दिसलं की स्वच्छ वाटतं (तसं नसतं, हे टोप्यांवरून तरी कळायला हवं होतं). आमची अर्धी गिऱ्हाइकं गेली. खात्यानं मदत म्हणून भात भरडायचं सुधारित जातं पाठवलं, पण त्याचा दांडा वेगळ्या सदरात मंजूर व्हायचा आहे. दीड वर्ष झालं. त्यात आमच्या अकराजणींतल्या धोंडाबाईची कोंबडी अंड्यांवर बसते. धोंडाबाईच्या घरात तिच्या मुसळावरच चूल पेटते, नवरा अंथरुणाला खिळलेला. दवाखान्याचं काम आलं तर अकरा उखळं चालतील, न आलं तर संक्रांतीच्या आत पालथी पडतील. आणि साहेब म्हणाला, "उद्या दुपारी मी पुन्हा येतो. एक जिवंत माणूस त्या खुर्चीवर बसून माझ्यासमोर तीन प्रतींवर सही करेल तर ठीक. नाहीतर कागद परत जातील आणि सोसायटी गुंडाळायचा शेरा मला मारावा लागेल." सायकलीवर बसून गेला. उतार होता.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत सभा भरली. रखमाजी म्हणाला, सोसायटी बुडाली तरी चालेल, पण चिमाजी नको. चिमाजीही तेच म्हणाला, फक्त नाव बदलून. तेव्हा धोंडाबाई मुसळ घेऊनच उभी राहिली. "मुडद्यांनो, कांडतो आमी, आन् खुर्ची तुमाला? तुमच्यापैकी एकानं तरी आजवर उखळात हात घातलाय का? सगुणावैनीला बसवा. ती वाचती, ती लिवती, ती कांडती." रखमाजी म्हणाला, "तसं वैनीचं नाव चांगलं हाय, पर..." आणि तो 'पर' त्याच्या तोंडात तसाच राहिला. त्याच्यापुढं काय येतं ते मला ठाऊक होतं. रांडमुंड बाई, शुभकार्याची खुर्ची. मी म्हटलं, "बोला की भाऊजी. घशात अडकेल." तो खोकला. चिमाजीनं डोकं चालवलं, म्हणाला, "आधी देवाला इचारा. बसलेल्या चेअरमनला उठवायचं म्हंजे त्येचा राजीनामा नको?" हे मात्र कायद्याला धरून होतं.

गेनबानं कळ्या लावल्या. चेअरमनपद सोडता का, म्हणून विचारलं. आम्ही बसलो. गुरं घरी आली. पोरं रडायला लागली. एकही कळी हलली नाही. धोंडाबाई म्हणाली, "घ्या! देवाला बी खुर्ची सोडवंना." गेनबा सोडून सगळे हसले, रखमाजी आणि चिमाजीसुद्धा, आणि तीन पिढ्यांत पहिल्यांदा एकाच वेळी हसल्यामुळे दोघं ओशाळले. कळ्या तशाच ठेवून आम्ही घरी गेलो.

पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. दम्याला आमच्याकडच्या हिरड्याचं चूर्ण पाठवते, मधातून घ्या, तोंड वाकडं करू नका.

आपली धाकटी बहीण,
सगुणा

ता. क. पत्राचं मूळ कारण राहिलं. एक नवा शिक्का तातडीनं हवा. "श्रीमती सगुणाबाई, चेअरमन." या खेपेला आडनाव घाला. जुना शिक्का परत मागू नका, तो गेनबानं ठेवून घेतला आहे आणि प्रसादाच्या पुड्यांवर मारतो.

दुसरा ता. क. रखमाजी आणि चिमाजी कसे तयार झाले म्हणाल, तर रखमाजीला वाटलं, चिमाजी नाही ना, मग झालं. चिमाजीलाही वाटलं, रखमाजी नाही ना. आणि कळ्यांचं म्हणाल, तर गेनबानं पहाटे आंघोळ घालताना दोन्ही धुऊन टाकल्या. कुठली आधी पडली ते विचारू नका म्हणाला.

तिसरा ता. क. हा वहिनींना वाचून दाखवू नका. तीन वर्षांपूर्वीच्या त्या कौलाला कळ्या मीच नेल्या होत्या. डाव्या खांद्याची कळी गेनबाच्या हातात देण्याआधी मी ती भाताच्या पेजेत बुडवली होती. ती पडणारच नव्हती. सोसायटीच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. यांच्या खुर्चीवर रखमाजी पान थुंकत बसलेला किंवा चिमाजी पाय वर घेऊन बसलेला मला बघायचा नव्हता. देव बसला तर खुर्ची रिकामीच राहते. दर सोमवारी मी ती पुसायची. या खेपेच्या कळ्यांना मी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवरचं फूल काढलं, तिच्यावर बसले, तीन प्रतींवर सह्या केल्या आणि घरी येऊन दोन पायल्या भात कांडलं.