नदीच्या मध्यावर सोडलेली होडी

मंगळवार, ४ मार्च

बाल्कनीत एक बाई बसली आहे. वॉशिंग मशीनच्या मागे, ओल्याचिंब कोटात. आईबाबांना अजून पत्ता नाही.

झालं असं – शाळेतून आल्यावर मी धाकट्या टिल्लूला गोष्ट वाचून दाखवत होते. लायब्ररीतलं पुस्तक. एक नावाडीण एका म्हाताऱ्या शिंप्याला, त्याच्या नातीला आणि एका गाढवाला नदीपलीकडे नेत असते. होडी मध्यावर आली, चित्रातलं आभाळ काळंकुट्ट झालं, आणि टिल्लूनं पानावर हात आपटला. "पुढचं नको, ताई. ती बुडेल." मी म्हटलं, अरे, गोष्ट आहे ती. तर त्यानं भोकाडच पसरलं. पान दोन्ही हातांनी धरून रडत राहिला – "बाहेर ये, बाहेर ये."

आणि नावाडीण खरंच बाहेर आली! कशी आली ते मी पाहिलंच नाही. मी त्याचं नाक पुसायला रुमाल शोधत होते.

बुधवार, ५ मार्च

आई: "बाल्कनीत एवढं पाणी कुणी सांडलं?" मी म्हटलं, झाडाला घालताना सांडलं. आमच्याकडे झाड एकच, तेही कधीच वाळलेलं. मी फडकं आणून पुसायला लागले.

नावाडिणीनं दोन उकडलेली अंडी खाल्ली आणि टिल्लूला दोराची गाठ शिकवली. तो हवेत आहे. मला मात्र तिनं बाजूला घेऊन विचारलं, "माझी होडी कोण सांभाळतंय?"

मी पुस्तक उघडून दाखवलं. होडीत तिची जागा रिकामी. शिंप्यानं नातीला कवटाळलंय, गाढव गुडघ्यांवर बसलंय. आणि होडीत पाणी शिरलंय. काल नव्हतं. नक्की नव्हतं.

"मला जायला हवं," ती म्हणाली. मी घाईनं पुढचं पान उलटलं. काही झालं नाही. ती तिथंच, कोट पिळत. "मुली, ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायला हवं."

टिल्लू पुस्तकाला हात लावायला तयार नाही.

गुरुवार, ६ मार्च

नातीच्या गुडघ्यापर्यंत पाणी.

पुस्तक दप्तरातून शाळेत नेलं. मधल्या सुट्टीत शेवटचं पान वाचलं. वाचायला नको होतं. होडी काठाला लागते. शिंपी उतरतो, नात उतरते, गाढवही उतरतं. नावाडीण नाही. तिला लाट घेऊन जाते.

म्हणजे टिल्लूचं खरं होतं.

ती इथं राहिली तर ते तिघं बुडणार. गेली तर ती. आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. मला विचारत होती, "डबा खाल्लास का गं?" कुणाला सांगू?

शुक्रवार, ७ मार्च

नाही सांगितलं. पाणी कमरेपर्यंत आलंय.

शनिवार, ८ मार्च

सकाळी आईबाबा बाजारात गेले आणि मी नावाडिणीला सगळं सांगून टाकलं. एका दमात, तिच्याकडे न बघता.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग तिनं विचारलं, "तिघं पोचतात ना? नक्की वाचलंस?"

"पोचतात."

"घाबरले होते का गं ते, मी अशी निघून आले तेव्हा?"

मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं.

तिनं टिल्लूला मांडीवर घेतलं. त्याचा सगळा शर्ट भिजला. "त्या पोरीला मी म्हटलंय, तुला पलीकडे सोडते. तू पान उलट, बाळा."

"तू परत येशील?"

"माहीत नाही. खोटं कशाला बोलू?"

तो रडला. बराच रडला. मी मध्ये पडले नाही. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पान उलटलं. मांडी नाहीशी झाली, तो धपकन फरशीवर बसला.

पुढचं मी मोठ्यानं वाचलं, कारण तो म्हणाला, "थांबू नको." चित्रात ती वल्ही मारत होती, दात आवळून. शेवटचं पानसुद्धा वाचलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

रविवार, ९ मार्च

टिल्लूनं आपणहून पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उघडलं. ती काठावर होडीचा दोर सोडत होती. कोट कोरडा, ऊन पडलेलं. आम्ही दोघांनी हाका मारल्या. तिनं मान वर करून बघितलं – आणि अनोळखी मुलांकडे बघावं तसं बघून पुन्हा दोराकडे वळली.

मला रडूच फुटलं. टिल्लू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असू दे, ताई. तिला कामाला उशीर होतोय."