शंभराची बिनघडीची नोट

मेसोत, ३ फेब्रुवारी २०१४

प्रिय न्वेताईस धाकट्या चोमारचा सा. न. वि. वि.

नदी ओलांडून थायलंडात सुखरूप पोचले. फोन केला असता, पण आई तुझ्या कानाला कान लावून उभी राहते. कागदपत्रं होईपर्यंत आठ दिवस इथेच मुक्काम. आपल्या ब्रह्मी च्याटला इथे काडीची किंमत नाही गं! नोटांचा गठ्ठा दिला तेव्हा थाई बाटच्या चार नोटा हाती आल्या. पुढे कंबोडियात म्हणे भाजीवाली डॉलर घेते आणि सुटे रिएलमध्ये देते. माझं डोकं आत्ताच गरगरतंय.

आईने कानातले विकून घेतलेली शंभर डॉलरची नोट दोन पुठ्ठ्यांत घालून पोटाशी बांधलीय. पौर्णिमेच्या आत ती नॉमपेन्हला मावशीच्या हाती पडली, तर बाजारातला नूडल्सचा गाळा आपला. नाहीतर दुसरी बाई टपलेलीच आहे.

इथे कलिंगडाचा रस काय मिळतो म्हणून सांगू! जळ, जळ.

तुझ्या रागालोभाची धनीण,
चोमार

मोलमिन, ७ फेब्रुवारी

चि. चोमार हिस, द्यायचे म्हणून अ. आ.

पी तो रस, पोट फुटेस्तोवर पी. इथे आई आल्यागेल्याला तुझंच पुराण ऐकवतेय. मावशीने बोलावलं होतं ते मासळीचा रस्सा करणाऱ्या मुलीला. आठ वर्षं तो रस्सा कोण करतंय? मी. गेलं कोण? तू! का, तर मी गेले तर घर कोण बघणार. राबायला मी आणि मिरवायला तू. हो, जळते मी. लपवत नाही.

आता ऐक. निघायच्या सकाळी तू अंघोळीला गेलीस, तेव्हा मी पुठ्ठे उघडले. नोटेला मधोमध घडी घातली, अंगठ्याच्या नखाने दाबली आणि परत ठेवून दिली. घडी पडलेल्या डॉलरला आपला नोटा बदलणारा शिवतसुद्धा नाही, तुला माहीत आहे. वाटलं, तोंड पाडून परत येशील, मग आई मला पाठवेल.

पण आता आईच्या रिकाम्या कानांकडे बघवत नाही. तुझं मला काही वाटत नाही, तिचं वाटतं. तिथे तोटा सोसून कुणी घेत असेल तर बदलून घे. उत्तर पाठव. शिव्या घातल्यास तरी चालेल.

न्वे यी

नॉमपेन्ह, २० फेब्रुवारी

ती. ताईसाहेबांना कोपरापासून सा. न.

तुझं पत्र मेसोतलाच मिळालं. उत्तर मुद्दाम दिलं नाही. म्हटलं, होऊ दे जिवाची काहिली. मला तर पहिलं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी पुठ्ठे उघडल्यावर कळलं होतं. नखाने दाबलेली ती घडी! दुकानातल्या पुड्या तू अशाच बांधतेस. इतकी रडले, आणि तुला काय काय म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. पण परत फिरले नाही. मला बघून तू उंबऱ्यात बसून हसली असतीस ना!

आणि इथे काय झालं माहितीय? गाळ्याच्या मालकिणीने नोट उजेडात धरली, कडा चाचपल्या, फाटलेली नाही एवढं बघितलं आणि स्वतःच तिला चार घड्या घालून पोलक्यात खोचली! मी आ वासून बघत राहिले. इथे फाटकी नोट तेवढी चालत नाही, घडीचं कुणाला काही नाही. आपण दोघी अगदीच मोलमिनच्या विहिरीतल्या बेडक्या.

गाळा मिळाला. पण रस्सा काही जमत नाही. गिऱ्हाईक अर्धी वाटी टाकून उठतं. शेवटी मावशी म्हणाली, न्वे यीलाच बोलाव, आईलाही घेऊन येऊ दे. आता शेजारच्या गाळेवाल्या रोज विचारतात, ती चांगला रस्सा करणारी कधी येणार? माझ्या गाळ्यात, माझ्या तोंडावर!

तुमच्या प्रवासाला मावशीने शंभराची नोट दिलीय. तिथे बदलायची, म्हणून कोरी, बिनघडीची. बसवाल्याकडे देताना पुठ्ठ्यात घालत होते, तेव्हा माझाही अंगठा तिच्या मधोमध गेला होता, ताई.

दाबला नाही. लवकर ये.

तुझ्याइतकीच जळकी,
चोमार