केसाचा नववा हिस्सा

वाळूज, बुधवार

ती. कडुबा दाजींच्या पायांवर भिकनचं डोकं. अक्काला नमस्कार. तुमचा गुडघा आता चढण चढू देतो का, काळ्या मेंढीला जुळं झालं का, ते कळवा. इकडं देवाच्या दयेनं बरं आहे. (फोनच केला असता, पण अक्का स्पीकर लावून साऱ्या गल्लीला ऐकवते.)

जावईबापू अजिनाथला आमच्या कंपनीनं घरी बसवलं आणि अक्षदा पिशवी भरून तुमच्याकडं निघून आली, असं कळलं. तो दारू पिऊन कामावर गेला असेल, असं तिला वाटतं. नाय दाजी, तो आठ मायक्रॉनपायी गेला. मायक्रॉन म्हणजे काय? अक्काच्या डोक्यातला एक पिकला केस घ्या (विचारून घ्या), त्याचे उभे नऊ भाग करा. त्यातला एक म्हणजे आठ मायक्रॉन. तेवढ्यानं अजिनाथनं घासलेले दोनशे लोखंडी दांडे बारीक निघाले. दांडे भंगारात, जावई घरात.

हे पकडलं आमच्या हिमांशू साहेबांच्या नव्या यंत्रानं. साहेब अठ्ठावीस वर्षांचे, यंत्र सहा महिन्यांचं, आणि दोघांनाही घाम कसा तो ठाऊक नाही. यंत्राला काचेची खोली, आत बारमाही वीस डिग्री. साहेब मे महिन्यात स्वेटर घालून त्याच्यापाशी बसतात. यंत्र लाल खड्याचं टोक दांड्याला टेकवतं, टुक करतं आणि माणसाची भाकरी काढून घेतं. खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा केली, तर या महाराजांना साधा हार घालू दिला नाही. धूळ बसते म्हणे! देवाच्या फुलाला धूळ म्हणणाऱ्याचं माप खरं कसं असेल?

माझा मायक्रोमीटर एकोणीस वर्षांचा. मुठीत मावतो, दांडा जबड्यात धरून जाडी सांगतो. अजिनाथ त्याच्यावरच मोजतो. मी साहेबांना म्हणालो, "माझ्या बोटांना कळतं." तर म्हणतात, "काका, बोटंबिटं सोडा, डेटा बोलतो." अजिनाथ बिचारा म्हणाला, "मामा, तुमच्याच मापानं घासलं, व्हय का नाय?" मी छातीवर हात ठेवून व्हय म्हणालो. उद्या हाच मायक्रोमीटर साहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांची चांगली जिरवतो.

तुमचा मेहुणा,
भिकन

ता. क. (गुरुवार): जिरवायला गेलो होतो. मोजायच्या आधी जबड्यातून कोरा कागद ओढून तो पुसायचा, हे कंपनीत सगळ्यांना मीच शिकवलं. साहेबांसमोर थाटात कागद ओढला. त्यावर लाल रेघ उमटली. पूजेचं कुंकू. खंडेनवमीपासून मी कागद ओढलाच नव्हता, अजिनाथलाही ओढू दिला नव्हता; वाहिलेलं कुंकू पुसायचं कसं? त्याची जाडी दांड्यात धरली गेली आणि अजिनाथ तेवढं जास्त घासत राहिला. यंत्र खरं बोलत होतं. साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "काका" म्हणाले.

ता. क. दुसरा: चूक माझी, असं लिहून दिलं. अजिनाथ सोमवारी कामावर, मी चार दिवस घरी. अक्षदाला रविवारी पाठवून द्या. दारूचा संबंध नाय, मामानं घात केला, असं स्पष्ट सांगा.

ता. क. तिसरा: अक्काला यातलं काही वाचून दाखवू नका. कुंकू तिनंच पाठवलं होतं. पुढच्या वर्षीही पाठव म्हणावं. मायक्रोमीटरच्या डबीला लावीन. डबीचं माप कुणी घेत नाही.